देणगी आणि देणे

मनुष्यास दुसऱ्याकडून जे मिळते ते बहुधा दोन प्रकारांनी मिळते. एक देणगी म्हणून, व दुसरे देणे म्हणून. देणाऱ्याच्या मनात दया उपजली म्हणजे देणगी मिळते. घेणाऱ्याचा हक्क आहे म्हणून देणे मिळते. देणगी मिळाली असता उपकार मानावे हे योग्य होय. देणे मिळाले असता पावती द्यावी, इतकेच पुरे. हा भेद इतका सोपा आहे की बाजारात मीठमिरची आणावयास गेलेल्या पोरासही तो कळतो. दुकानदाराने उरलेली मोड परत दिली म्हणून ते पोर त्याच्या पाया पडत नाही. परंतु मोठ्या व्यवहारांत, जेथे एका बाजूस पुष्कळ धन आणि दुसऱ्या बाजूस पुष्कळ गरज असते, तेथे हा भेद पुसट होत जातो. तो पुसट झाला म्हणजे गरिबाच्या हक्काचे नुकसान होते, आणि श्रीमंताच्या आत्म्याचेही होते. म्हणून आम्ही आज आपल्या वाचकांपुढे हा विषय मांडीत आहो.

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर अलीकडे कंपन्यांच्या नावांचे फलक दृष्टीस पडतात. कोठे कूपनलिका खोदून दिलेली असते, कोठे शाळेतील मुलांस दप्तरे व वह्या वाटलेल्या असतात, कोठे फिरता दवाखाना येतो, कोठे मुलींस शिवणकाम शिकविले जाते. या कामांस सामाजिक उत्तरदायित्वाची कामे म्हणतात, व लोकांच्या बोलण्यात त्यांस सीएसआर हे नाव पडले आहे. त्यांविषयी आमच्या मंडळ्यांत दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की कंपनी आमची अन्नदाती आहे, तिच्याविरुद्ध तोंड उघडणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की हा पैसा धुराचा आणि घाण पाण्याचा आहे, ख्रिस्ती मनुष्याने त्यास शिवू नये. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत. तथापि जे दिले गेले ते देणगी आहे की देणे आहे, हा पहिला प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

प्रथम सरकारचा कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपन्यांविषयीचा जो कायदा २०१३ मध्ये झाला, त्याच्या १३५ व्या कलमात ही आज्ञा आहे, व ती १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा वर्षाची उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातून शेकडा २ इतका भाग लोकहिताच्या कामी खर्चावा. जेथे कंपनीचे काम चालते त्या भागास अग्रक्रम द्यावा, असेही त्यात सांगितले आहे. पुढे २०२१ मध्ये हे नियम अधिक कडक झाले. रक्कम खर्च न केल्यास ती सरकारने नेमलेल्या निधीत भरणे भाग झाले. त्या वर्षीच्या नियमांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. दुसऱ्या कोणत्याही कायद्याने जे करणे कंपनीवर आधीच बंधनकारक आहे, त्याचा खर्च तिने या शेकडा २ मध्ये धरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरकारनेही देणे निराळे व हे निराळे असा विवेक केला आहे.

मग हे शेकडा २ काय आहे? ते केवळ देणगी नव्हे, कारण देणाऱ्यावर कायद्याची सक्ती आहे. ते पुरते देणेही नव्हे, कारण कोणत्या गावास द्यावे आणि कोणत्या कामास द्यावे हे ठरविण्याची मोकळीक कंपनीस आहे. पवित्र शास्त्राच्या वाचकास यासाठी तिसरा शब्द शोधावा लागत नाही. तो आमच्या शेतावरच पडलेला आहे. तो शब्द सरवा. मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय व अनुवाद या पुस्तकांत अशी आज्ञा आहे की शेताची कापणी करिताना कोपरेकानेपर्यंत कापू नये, विसरलेली पेंढी आणावयास मागे फिरू नये. ते उपऱ्यासाठी, अनाथासाठी व विधवेसाठी राहू द्यावे. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती भीक मागावयास गेली नव्हती. सरवा वेचण्याचा तिला हक्क होता. बवाजाने आपल्या गड्यांस सांगून मुद्दाम मूठमूठ कणसे तिच्यासाठी टाकविली, ती मात्र त्याची देणगी होती. ज्याने सरवा राखला त्याने आज्ञा पाळली एवढेच झाले; ज्याने त्याहून अधिक टाकले त्याने प्रीती केली. सीएसआरचा पैसा हा आजच्या काळचा सरवा आहे असे आम्ही समजतो. तो घेण्यात लाज नाही. आणि तो दिला म्हणून कोणी आपणांस धन्याच्या गादीवर बसवून घ्यावे असेही नाही.

आता देण्याकडे वळू. जकातदार जक्कय याची गोष्ट आमच्या मुलांस तोंडपाठ आहे. तो झाडावर चढला हे सर्वांस आठवते, परंतु खाली उतरल्यावर तो काय बोलला याचा हिशेब थोडे लोक मांडतात. त्याने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. आपल्या धनाचा अर्धा भाग दरिद्र्यांस देतो, ही पहिली. ज्या कोणाचे अन्यायाने घेतले असेल त्यास चौपट परत करतो, ही दुसरी. अर्धी संपत्ती दिली, आता जुन्या गोष्टी कशास काढावयाच्या, असे तो म्हणाला नाही. दरिद्र्यांस दिले ते एका वहीत, आणि नाडलेल्यांचे फेडले ते दुसऱ्या वहीत. पहिल्या वहीतील पुण्याने दुसऱ्या वहीतील कर्ज वळते करता येत नाही, हे त्या मनुष्यास प्रभूचे मुख पाहताच कळले. आणि ज्याचे घेतले त्यालाच परत करावयाचे आहे. यरीहोतील एका विधवेस लुबाडून यरुशलेमेतील दुसऱ्या विधवेस लुगडे नेसविल्याने पहिलीचे अश्रू पुसले जात नाहीत.

ही गोष्ट आमच्या डहाणूच्या इतिहासात डोळ्यांनी पाहावयास मिळते. चिकूच्या वाड्या, जंगल आणि समुद्र यांनी संपन्न असा हा तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविण्यासाठी कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले व १९९० च्या दशकाच्या मध्यास चालू झाले. ते बी.एस.ई.एस. कंपनीचे होते, मग रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले. बिट्टू सहगल यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला, व त्याप्रमाणे त्याच वर्षी या तालुक्याच्या रक्षणासाठी निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. कोळसा जळताना त्यातील गंधकाचा विषारी वायू धुराड्यातून बाहेर पडतो. तो धूर आधी समुद्राच्या पाण्याने धुऊन मग सोडावा, अशी यंत्रसामग्री बसविण्याची आज्ञा प्राधिकरणाने १९९९ मध्ये केली. ती यंत्रसामग्री चालू झाली २००७ मध्ये.

आज्ञा आणि पालन यांच्यामध्ये ८ वर्षे गेली. वाचकहो, धूर धुणे हे देणे आहे. ज्या हवेत वारल्याचे लेकरू श्वास घेते ती हवा कंपनीने विकत घेतलेली नाही. त्या ८ वर्षांत कोणी गावोगाव कितीही दप्तरे वाटली असती, तरी एका दप्तराने एक श्वासही स्वच्छ झाला नसता. आणि ती यंत्रसामग्री चालू झाली त्या दिवशी गावाने उपकाराचे हार घालावयास हवे होते असेही नाही. मोड परत मिळाली, इतकेच.

डहाणूच्या शेजारी पालघर तालुक्यात बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांचे सांडपाणी खाडीत व समुद्रात जाऊन मासेमारीचा नाश होतो, अशी तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांनी मिळून सुमारे १६० कोटी रुपये भरपाई द्यावी असे ठरविले. मांगेला बंधूंनी तेथे जाळी किंवा होड्या दान मागितल्या नाहीत. आमचा समुद्र आम्हांस जसा होता तसा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जो देणे मागतो त्यास याचक म्हणू नये.

तलासरीकडील आमच्या मंडळ्यांसाठी देण्याचा आणखी एक प्रकार सांगणे जरूर आहे. त्या तालुक्यात दहांतील नऊ माणसे आदिवासी आहेत, आणि पुष्कळ तरुण रोज सीमा ओलांडून गुजरातेतील उंबरगाव, सरीगाम, वापी येथील कारखान्यांत कामास जातात. कारखाना एका राज्यात आणि मजुराची चूल दुसऱ्या राज्यात. कायद्यात स्थानिक भाग म्हटले आहे, परंतु तो किती कोसांपर्यंत हे मोजून दिलेले नाही. ज्याच्या घामाने यंत्र फिरते त्याचे गाव कारखान्यास परके असावे काय, याचा विचार कारखानदारांनी करावा. पण त्याआधी ठरलेली पूर्ण मजुरी, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, आणि यंत्रात हात सापडू नये अशी व्यवस्था, ही सर्व देणी आहेत. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते व ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. शाळेच्या भिंतीस रंग दिल्याने ती ओरड बंद होत नाही.

येथे कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे सर्व शास्त्र भरल्या पोटाचे आहे. ज्या पाड्यावर उन्हाळ्यात बाया कोसभर चालून हंडाभर पाणी आणतात, तेथे नळ कोणी दिला हे विचारण्यास कोणास सवड आहे? तापाने फणफणलेले मूल औषधाचा उगम विचारीत नाही. हे म्हणणे खरे आहे, व आम्ही ते हलके मानीत नाही. पाणी प्यावे, औषध घ्यावे, मुलास वही मिळाली तर त्याने ती आनंदाने लिहावी. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याने शोमरोन्याच्या तेलास व द्राक्षारसास नाही म्हटले नाही. परंतु शोमरोनी हा लुटारू नव्हता, हे ध्यानात धरावे. लुटारूच जर तेलाची कुपी घेऊन परत आला असता तर जखमेवर तेल तर लावून घ्यावेच, पण माझे वस्त्रही दे, असे म्हणण्याचा त्या मनुष्यास अधिकार राहिला असता. ज्या कंपनीने आमचे काही घेतले नाही आणि दुरून येऊन सरवा टाकला, तिचा सरवा निःशंक घ्यावा व तिचे आभार मानावे. सर्वांस लुटारू म्हणणे हे खोट्या साक्षीचे पाप आहे. जिने आमचे घेतले तिचाही सरवा घ्यावा, परंतु तेवढ्याने तिच्या देण्याची पावती लिहून देऊ नये.

देणगीने माणूस बांधला जातो हे या मुलखास कोणी शिकवावयास नको. आमच्या आजोबांच्या काळी वारल्याच्या लग्नास सावकार पैसे देई. मांडवात त्याची वाहवा होई. मग त्या पैशापायी नवरानवरी दोघेही जन्मभर त्याच्या शेतावर वेठीस लागत. अशा मनुष्यास लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरी भागातील झरी येथे वारली लोक जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकर यांनी तो सर्व लढा पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. त्या पक्षाच्या सर्व मतांशी आम्ही सहमत असलेच पाहिजे असे नाही. तथापि लग्नाच्या पैशाने माणसाचे हात घेतले जातात, ही गोष्ट सत्य होती. आज कोणी हात मागत नाही; जीभ मात्र मागितली जाण्याचा संभव आहे. ज्या गावास काल सभामंडप मिळाला त्या गावाचा मनुष्य आज जनसुनावणीत उभा राहून आपले दुःख सांगू लागला, तर त्यास कृतघ्न म्हणणारे गावातच निघतात. कृतज्ञता हा ख्रिस्ती सद्गुण आहे. परंतु उपकार मानणे म्हणजे सत्य गिळणे नव्हे. लाच डोळसांस आंधळे करते असे नियमशास्त्र सांगते; आणि जी देणगी तोंड बंद करण्याच्या अटीवर येते ती लाचच होय.

काही गोष्टी तर देणगीच्याही पलीकडच्या आहेत. अहाब राजाने नाबोथास त्याच्या मळ्याच्या मोबदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नुसता व्यवहार पाहिला तर बोली वाईट नव्हती. नाबोथ म्हणाला, हे माझ्या वडिलांचे वतन आहे. त्यास नाही म्हणण्याचा अधिकार होता, आणि तो अधिकार ईजबेलीने तुडविला हे पाप झाले. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे जे मोठे बंदर व्हावयाचे आहे, त्यास प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता आणि ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या कामाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. कोळी बांधवांचा विरोध सर्वांस ठाऊक आहे. बंदर व्हावे की न व्हावे, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. इतकेच सांगतो की वडिलांच्या वतनाविषयी जो बोलतो त्यास पैशाचा लोभी किंवा प्रगतीचा वैरी ठरविण्यापूर्वी प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने नाबोथाचा अध्याय पुन्हा वाचावा.

तर मग चांगले देणे कसे असते? त्याचाही कित्ता याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मुले गुरे राखावयास जातात असे दिसले. तेव्हा त्या मुलांस दटावीत न बसता शाळाच कुरणावर नेली, व तिला कुरणशाळा म्हटले. मुले धाकटी भावंडे सांभाळतात असे दिसले. तेव्हा भावंडांसाठी अंगणात बालवाडी उघडली. आधी गरज विचारली, मग हात पुढे केला. अमेरिकेतील ब्रदरन मंडळीच्या मिशनने डहाणूस दवाखाना चालविला, तेव्हा मिशनलाही लोक हाच प्रश्न विचारीत असत, की या गोळीच्या बदल्यात आमचे काय घेणार? त्या प्रश्नास व्याख्यानाने उत्तर देता येत नव्हते. पूजाअर्चा करणाऱ्यास आणि प्रार्थना करणाऱ्यास एकच औषध सारख्याच ममतेने देणे, हेच त्याचे उत्तर होते. जो प्रश्न आम्हांस विचारला जाणे न्याय्य होते तो कंपन्यांस विचारणेही न्याय्य आहे.

आमच्या धर्मशिक्षकांनी आपापल्या पाड्यांवर काय करावे याविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष मान दिला आहे. कंपनीचे लोक काम घेऊन आले तर ते ग्रामसभेपुढे यावे. पुढाऱ्याच्या ओटीवर ठरू नये, आणि देवळाच्या किंवा मंदिराच्या ओट्यावरही ठरू नये. ख्रिस्ती कुटुंबांस आधी मिळावे असा आग्रह कोणी धरू नये. उलट, जे पाणी येईल ते आपल्या दारापूर्वी शेजाऱ्याच्या दारी जावे असे म्हणावे. ग्रामसभेत चार प्रश्न शांतपणे विचारावे. हे काम आम्ही मागितले होते काय? पंप बिघडला तर दुरुस्त कोण करणार? या कामाच्या बदल्यात आमच्याकडून कोणती सही किंवा कोणते मौन अपेक्षित आहे काय? आणि धूर, पाणी, जमीन व मजुरी यांविषयीचे जे देणे आहे त्याचा हिशेब निराळा राहील ना? ज्यांस लिहितावाचता येते त्यांनी ही उत्तरे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावी. आणि काम झाल्यावर त्याची निगा राखावी. नळाची तोटी चोरीस जाऊ देणारे गाव आपल्या हक्काविषयी बोलू लागले तर त्याचे कोण ऐकेल?

आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत अधिकारावर असलेले जे थोडे ख्रिस्ती बंधू हे पत्र वाचतात त्यांस आमची विनंती आहे की त्यांनी जक्कयाच्या दोन वह्या आपल्या मेजावर ठेवाव्या. मोठा फलक लावण्यापूर्वी दुसरी वही उघडून पाहावी. उजवा हात काय करतो ते डाव्यास कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे. मग ती गोष्ट पाड्याच्या वेशीवर पत्र्याच्या फलकावर रंगवून ठेवण्याची घाई कशास?

तारण आज या घरास झाले, हे प्रभूने जक्कयाच्या घरी सांगितले, ते त्याने दोन्ही गोष्टी बोलून झाल्यावर सांगितले. कारखान्यांच्या धन्यांसही तो आनंद मिळावा अशी आम्ही प्रार्थना करितो. आमच्या गावांस सरवा घेताना नम्रता आणि देणे मागताना निर्भयता, ही दोन्ही परमेश्वर देवो.